घड्याळातली मुंगी

सोमवार, ता. ४

ही डायरी बॅटरीच्या घड्याळांचा एजंट फुकट देऊन गेला. ज्याने माझ्या धंद्याचं वाटोळं केलं त्याचीच डायरी, पण कागद चांगला आहे. हल्ली दुकानात गिऱ्हाईक येतं ते सेल बदलायला. त्याला घड्याळजी कशाला लागतो? झाकण उघडायचं, सेल टाकायचा, झाकण लावायचं. त्यामुळे दुपारी हात मोकळे असतात आणि मोकळ्या हातांना मी भितो. म्हणून लिहितो आहे.

लिहिण्यासारखं एकच आहे. दुकानाच्या मागच्या खोलीत लेक कॉम्प्युटरशी बसलेली असते. कॉम्प्युटर म्हणजे कपाटाएवढा असेल असं मला वाटलं होतं. तिच्या मामाने, म्हणजे बोटीवर नोकरी करणाऱ्या माझ्या मेहुण्याने, आणला तो निघाला पाटीएवढा. बटणं रबराची, दाबली की खोडरबर दाबल्यासारखं वाटतं. तो टीव्हीला जोडायचा. शिवाय माझ्या दुकानातला टेपरेकॉर्डरही त्याला जोडायचा, कारण त्याच्या काही लक्षात राहत नाही. वायर काढली की शिकवलेलं सगळं विसरतो. मग शिकवलेलं कॅसेटवर भरून ठेवायचं आणि दुसऱ्या दिवशी त्याला परत ऐकवायचं. ऐकवताना जी किरकिर होते तिला कंटाळून शेजारची मांजर गच्चीवरून निघून गेली ती परत आली नाही.

बायको म्हणते, "अहो, मुलगी काहीतरी शिकतेय. तुम्ही कशाला नाक मुरडता?"

मी नाक मुरडत नाही. मला कळत नाही, एवढंच.

गुरुवार, ता. ७

आज लेकीने मला दुकानातून उठवून मागे नेलं आणि खुर्चीवर बसवलं. तिने स्वतः लिहिलेला गेम दाखवायचा होता. घड्याळाच्या पोटात एक मुंगी अडकली आहे. चाकांच्या दात्यांवरून उड्या मारत तिने वर चढायचं आणि चावीच्या भोकातून बाहेर पडायचं. मुख्य स्प्रिंग उतरायच्या आत. उतरली की चाकं थांबतात आणि मुंगी मरते.

लहानपणी ही माझ्या टेबलाखाली बसून असायची, पडलेले स्क्रू शोधून द्यायची. त्यातून हे निघालं असावं. बरं वाटलं, पण मी तोंडाने म्हणालो ते भलतंच.

"शेजारशेजारची दोन चाकं एकाच बाजूला फिरतात? दाते तुटतील."

"बाबा, गेम आहे."

"घड्याळ म्हणालीस ना?"

ती पुटपुटत बटणं दाबायला लागली. पडद्यावर ओळी आल्या, प्रत्येक ओळीला नंबर. दहा, वीस, तीस. मधले कुठे गेले म्हणून विचारलं, तर म्हणाली, "मागाहून काही सुचलं तर घालायला जागा ठेवतात." हे मात्र मला पटलं. थोड्या वेळाने चाकं उलटसुलट फिरायला लागली, आणि मुंगीचं काम दुप्पट अवघड झालं.

"घ्या. तुमच्यामुळे वाढलं. आता तुम्हीच खेळा," म्हणाली.

मी मेलो. पुन्हा मेलो. तिसऱ्या मजल्यावर एक छोटं चाक आहे, त्याच्यावर उभं राहिलं की ते पायाखालून सटकतं. तिथे मी जितक्या वेळा मेलो तितक्या वेळा उभ्या जन्मात कशात हरलो नसेन. बायको जेवायला हाका मारत होती. मी म्हणालो आलोच, आणि परत मेलो.

रविवार, ता. १०

आज घरात वाजलं.

लेकीने मासिकातली जाहिरात वाचून एका कंपनीला पत्र घातलं होतं म्हणे. गेम बनवून विकणारी कंपनी, इथून फार लांबच्या शहरात. त्यांचं उत्तर आलं. कल्पना आवडली, पूर्ण गेम कॅसेटवर भरून महिनाअखेर पाठवा, चांगला वाटला तर बोलावून घेऊ आणि कामाला ठेवू. तिने हे मला जेवताना सांगितलं. तिच्या आईला आधीच माहीत होतं. या घरात मला सगळं जेवताना कळतं.

मी म्हणालो, "खेळणी बनवायला कुणी घर सोडतं का?"

"बाबा, तो धंदा आहे."

"धंदा हा पण आहे," मी दुकानाकडे बोट दाखवून म्हणालो.

तिने त्या बोटाच्या दिशेने नुसतं पाहिलं. बोलली असती तर बरं झालं असतं. दुकानात काय आहे ते तिला दिसतं आणि मलाही. ताट तसंच टाकून ती उठली, आणि मी तिच्यामागून बोललो, माझी परवानगी नाही म्हणून. आता ती माझ्याशी कामापुरतं बोलते.

गेम मात्र खेळावासा वाटत होता. पण भांडल्यावर विचारणार कसं?

मंगळवार, ता. १२

सकाळी आतून दोघींचं बोलणं कानावर आलं. कॅसेट नीट वाचली जात नाही, अर्ध्यात अडते. लेक आईला सांगत होती, "टेपच्या हेडला चुंबक लागलं असणार. लागतं ते. कॉलेजातून आले की रेडिओवाल्याकडे नेऊन काढून घेते."

मी मनाशी म्हणालो, चुंबक काढायला रेडिओवाल्याकडे? घरात कोण बसलंय मग?

माझी हयात चुंबक काढण्यात गेली. घड्याळातली बालकमानी केसासारखी बारीक असते. तिला चुंबक लागलं की तिचे वेढे एकमेकांना चिकटतात आणि घड्याळ पिसाळल्यासारखं पळत सुटतं. त्यासाठी माझ्याकडे निळा डबा आहे. बटण दाबायचं, डबा गुणगुणायला लागतो, घड्याळ वर धरून हळूहळू लांब न्यायचं. झालं. सगळं चुंबक उतरतं.

ती गेल्यावर मी टेपरेकॉर्डर घेतला. तोंड उघडून हेडपाशी डबा धरला, अगदी सावकाश. मग वाटलं, नुसतं हेड करून काय उपयोग? ज्या कॅसेटी त्या हेडला घासून गेल्या त्यांनाही लागलं असेलच की. एक चाक साफ करून दुसरं मळकं ठेवणारा मी नाही. तिच्या डब्यातल्या सगळ्या कॅसेटी काढल्या, गेमची मूळ आणि तिच्या जादा प्रती, आणि एकेक करून दोन्ही बाजूंनी नीट फिरवली. माझी गाण्यांची टेबलावर होती, तिच्यावरूनही हात फिरवून घेतला. शेवटी रिवाजाप्रमाणे प्रत्येकीच्या कोपऱ्यावर सुईने माझी खूण केली. छोटा गोल, त्यात आडवी रेघ. माझ्या हाताखालून गेलेल्या प्रत्येक घड्याळाच्या झाकणाआत ती असते. परत दुरुस्तीला आलं तर कळावं, आपलंच काम आहे.

कुणाला सांगितलं नाही. आता एकदम चांगलं चालायला लागेल, तिला नवल वाटेल, आणि मग मी सहज सांगेन. भांडणही मिटेल.

बुधवार, ता. १३

काही कळेनासं झालं आहे.

काल संध्याकाळपासून एकही कॅसेट चालत नाही. आधी अडखळत का होईना चालायची, आता काहीच नाही. किरकिर नाही, खरखर नाही. नुसतं मुकाट फिरते. लेकीने मूळची लावली, मग प्रती लावल्या, वायर बदलली, टेप उभा केला, आडवा केला. तोंड पांढरं पडलं होतं. एवढ्या दिवसांची मेहनत, आणि महिनाअखेरीला जेमतेम पंधरवडा उरलेला.

मी दारात उभा. आता सांगू तर म्हणेल तुम्हीच बिघडवलं. मी तर साफ केलं. साफ केलेलं बिघडतं कसं? म्हणून गप्प राहिलो. कॅसेटीच मुळात खराब असाव्यात. स्वस्तातल्या आणते.

शुक्रवार, ता. १५

माझी गाण्यांची कॅसेटही मुकी झाली आहे. सगळ्यांचाच एकदम काळ आला की काय? हवेत काही असेल. बायको म्हणते दमट असेल. एकच कॅसेट चालते, मामाने आणलेल्या विकतच्या गेमची, ती लेकीच्या कॉलेजच्या पिशवीत होती. म्हणजे दोष टेपरेकॉर्डरचा नाही. मग कशाचा?

दुपारी लेक कॅसेटी एकेक उचलून खिडकीशी नेत होती आणि उजेडात तिरक्या धरून पाहत होती. कॅसेट बाहेरून पाहून काय कळणार? मग तिने पिशवीतली काढून तीही पाहिली. माझ्याकडे एकदा बघितलं. मी विचारलं, "काय ग, सापडलं काही?"

"नाही," म्हणाली, आणि सगळ्या परत डब्यात ठेवल्या. मला वाटलं होतं ती रडेल. ती रडली नाही, चहा करून आणला. मलाही दिला.

शनिवार, ता. १६

गाण्यांची कॅसेट घेऊन पलीकडच्या रेडिओवाल्याकडे गेलो. त्याने लावली, कान दिला, काढली.

"कुठे ठेवली होती? स्पीकरवर?"

"दुकानात, टेबलावर. मी उलट तिचं चुंबक काढलं होतं, बरी चालावी म्हणून."

त्याने हातातला पाना खाली ठेवला. "त्या निळ्या डब्याने? अहो घड्याळजी, टेपवर गाणं चुंबकानेच लिहिलेलं असतं. तुम्ही गाणंच काढून टाकलंत."

"हेडचं काढतात ना?"

"हेडचं काढतात. टेपचं काढत नाहीत. डस्टर झटकायचा असतो, फळा पुसायचा नसतो." तो हसत होता. वाईट माणूस नाही, पण त्याला थोबाडीत मारावीशी वाटली. "जाऊ द्या, एक गाण्यांची कॅसेट तर आहे."

मी हो म्हणालो. तिथून घरी कसा आलो ते आठवत नाही. दुकानाचं शटर अर्धं ओढून आत बसून राहिलो.

रविवार, ता. १७

मला माहीत नव्हतं. हे वाक्य लिहिलं आणि आता त्याच्याकडे बघतो आहे.

मेहुण्याने टेपरेकॉर्डर आणला तेव्हा तो म्हणाला होता, भावोजी, कॅसेट स्पीकरवर ठेवू नका. का ते मी विचारलं नव्हतं. की विचारलं होतं? स्पीकरच्या पाठीमागे लोहचुंबक असतं हे मला पोरवयापासून ठाऊक आहे. दोन गोष्टी माहीत असतात, शेजारीशेजारी असतात, आणि एकमेकींना लागत नाहीत, असं होऊ शकतं का? की मी लागू दिलं नाही?

गेल्या रविवारी मी परवानगी नाही म्हणालो. मंगळवारी तिचं काम पुसलं. बाहेरच्या कुणी मला हे सांगितलं असतं तर मी म्हणालो असतो, बापाने मुद्दाम केलं. पण हात माझा होता आणि मला आठवतं ते एवढंच, की मी फार मन लावून करत होतो. वाईट करणारा माणूस इतकं मन लावून करतो का? करतही असेल. मला ती जायला नको आहे, हे खरं आहे. अजूनही नको आहे.

तिला सांगायला हवं. उद्या सांगतो.

सोमवार, ता. १८

सांगायला गेलो तर ती टीव्हीसमोर बसलेली. पडदा कोरा, वरती एकच ओळ, नंबर दहा. तिने पुन्हा सुरुवात केली होती.

"बाबा, बसा इथे. काही कागदावर आहे, काही डोक्यात आहे. पण चाकं कुठे किती वेगाने ठेवली होती ते मला नक्की आठवत नाही. तुम्ही कुठे कुठे मरायचात ते सांगा."

मी म्हणालो, "मी कशाला?"

"मी माझ्याच गेममध्ये मरत नाही ना. मला काय कळणार?"

तर दिवसभर मी माझी मरणं सांगत होतो. पहिल्या मजल्यावर डाव्या चाकाच्या उतारावर. दुसऱ्यावर, उडी जरा उशिरा मारली की. तिसऱ्यावरचं ते सटकणारं छोटं. ती लिहायची, चालवून दाखवायची, मी म्हणायचो, इथे मी मेलो पाहिजे, अजून जिवंत कसा? ती वेग वाढवायची. मी मेलो की दोघेही खूश. बायको दारात येऊन म्हणाली, "घरात काय हे अभद्र बोलणं चाललंय." पण तिलाही हसू येत होतं.

सांगायचं राहिलं.

गुरुवार, ता. २१

लेकीचा कॅसेटींवरचा विश्वास उडाला आहे. नवीन आणल्या, त्यांवर भरते, पण कॉम्प्युटर बंद करत नाही. बंद केला की विसरेल. मागच्या खोलीत प्लग एकच, त्यामुळे सगळ्या घराची इस्त्री तुंबली आहे आणि मी चुरगळलेल्या शर्टात दुकानात बसतो. एका गिऱ्हाइकाने विचारलं, बरं नाही का? मी म्हणालो, मुंगीचं चाललंय. तो परत येईल असं वाटत नाही.

निळा डबा मी माळ्यावर टाकला आहे. नव्या कॅसेटी ती रोज कॉलेजला जाताना मुद्दाम टेबलावर माझ्यासमोर ठेवून जाते. का ते कळत नाही. मी त्यांना हातही लावत नाही. संध्याकाळी येते, मोजून बघते आणि आत घेऊन जाते.

रविवार, ता. २४

आज सांगायचंच असं ठरवून तिच्याशेजारी बसलो. म्हणालो, "मला तुला काही सांगायचंय." तिने बटणांवरचे हात काढले आणि वळून बसली, सगळं काम सोडून. इतकं लक्ष देऊन कुणी ऐकायला बसलं की माझं बोलणं भलतीकडेच वळतं. मी म्हणालो, "चौथ्या मजल्यावरचं चाक जरा लहान हवं."

"बरं," म्हणाली. चेहरा पडला. चाक लहान करायला इतकं काय वाईट वाटायचं?

बुधवार, ता. २७

गेम झाला. आज पोस्टात टाकायचा.

ती दुकानात आली, हातात जाड पाकीट, अजून न चिकटवलेलं. "चिकटवायच्या आधी एकदा बघून घ्या."

आत कॅसेट. कोपऱ्यावर एक गोल, त्यात आडवी रेघ. वाकडा होता, सुई घसरलेली दिसत होती. माझ्या हातचा नव्हता.

"तुमच्या हाताखालून गेलेल्या मालावर असते ना खूण," ती म्हणाली. "हा गेलाय."

मी पाकीट टेबलावर ठेवलं. "तुला कधी कळलं?"

"खिडकीशी नेऊन पाहिल्या त्याच दिवशी. खूण असलेल्या सगळ्या कोऱ्या होत्या. पिशवीतलीवर खूण नव्हती, ती चालत होती."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही बोलाल म्हणून थांबले होते."

रस्त्यावरून कुणी सायकलची घंटी वाजवत गेलं. मी विचारलं, कारण आता नाही विचारलं तर कधीच विचारलं नसतं. "तुला काय वाटतं, मी मुद्दाम केलं?"

तिने लगेच नाही म्हटलं नाही. विचार केला. मला ते लागलं आणि आवडलंही.

"पहिल्या दिवशी वाटलं होतं. फार राग आला होता. मग तुम्ही तिथे बसून मरायला लागलात. आता मला माहीत नाही. तुम्हाला माहीत आहे?"

"नाही," मी म्हणालो. यापेक्षा खरं मी गेल्या कित्येक दिवसांत काही बोललो नव्हतो.

"बरं," म्हणाली, आणि पाकिटाला गोंद लावला. "चला, पोस्ट बंद होईल."

मी शटर ओढलं आणि तिच्याबरोबर गेलो. पाकीट पेटीत मी टाकलं. तिने टाकायला दिलं.

रविवार, ता. १५, पुढचा महिना

त्यांनी बोलावलं. गेली परवा. स्टेशनवर बायको रडली, मी फलाटावरच्या घड्याळाला नावं ठेवत होतो, ते मागे होतं. कॉम्प्युटर इथेच ठेवून गेली, तिकडे मोठे आहेत म्हणे. गेमची एक कॅसेटही माझ्यासाठी ठेवली. तिच्यावर खूण नाही. "ही तुम्ही साफ करू नका," एवढंच म्हणाली, आणि हसली.

आज दुकान बंद, म्हणून सकाळीच बसलो. टेप लावला, किरकिर झाली, मुंगी आली. तिसऱ्या मजल्यावरचं चाक कसं कोण जाणे आज पायाखालून सटकलं नाही. चौथ्यावरून उडी मारली आणि मुंगी चावीच्या भोकातून बाहेर पडली. मी याआधी इथवर कधीच आलो नव्हतो. मेलो की पडद्यावर तशी पाटी येते, पण बाहेर पडल्यावर काय होतं ते मी तिला कधी विचारलंच नव्हतं.

काही होत नाही. पाटी नाही, बाजा नाही. मुंगी पडद्याच्या कडेपर्यंत चालत गेली, थांबली, आणि वळून घड्याळाकडे तोंड करून उभी राहिली. मिशा हलतात, म्हणजे जिवंत आहे. मी सगळी बटणं दाबून पाहिली. ती पुढेही जात नाही आणि आतही येत नाही. गेम संपला की नाही तेच कळत नाही.

घाईत काहीतरी लिहायचं राहून गेलं असावं. ओळींच्या मध्ये जागा सोडलेली आहेच, घालता येईल. पुढच्या रविवारी फोन आला की तिला सांगायला हवं, बाई ग, तुझी चूक राहिली आहे.

तोवर बंद करवत नाही. परत इथवर पोचायला मला जमेलसं वाटत नाही. बायको इस्त्री घेऊन दोनदा येऊन गेली. आताही दारात उभी आहे, विचारतेय, "अहो, झालं का तुमचं?"

मी म्हणालो, "राहू दे थोडा वेळ. ती उभी आहे अजून."